एका शब्दाची दुरुस्ती

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्या गल्लीत चारुलता पाखरे कुठे राहतात असं विचारलं असतं तर कोणी धड सांगितलं नसतं. सिस्टर म्हटलं की मात्र चार हात एकाच वेळी त्या दुमजली इमारतीकडे वळत. एकतीस वर्षं दवाखान्यात नोकरी करून ही बाई निवृत्त झाली, तरी लोकांच्या लेखी ती ड्युटीवरच होती. कोणाची साखर तपासून दे, कोणाची पट्टी बदलून दे, कोणाला गोळ्यांच्या वेळा समजावून सांग. ती सगळं करायची. फार बोलायची नाही.

तिचं आणखी एक काम होतं. ते पंधरा-वीस माणसांनाच ठाऊक होतं. ती दुसऱ्यांच्या कविता दुरुस्त करायची.

चर्चच्या आवारात मुलांच्या रविवारच्या शाळेची एक खोली आहे. तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी 'ओंजळ' नावाचं मंडळ जमायचं. रेल्वेतून निवृत्त झालेला एक गार्ड, दोन शाळामास्तरणी, ब्यूटी पार्लर चालवणारी गोपिका, अशी हौशी मंडळी. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचं, आपापली भक्तिगीतं वाचायची आणि एकमेकांना सांगायचं, की कुठे जमलं आणि कुठे नाही. मधुसूदन दिवे सर अध्यक्ष. हायस्कुलात चौतीस वर्षं मराठी शिकवलेले, पांढऱ्या मिश्या, खिशाला दोन पेनं. पण छंदाचा प्रश्न आला की सरसुद्धा चारुलताकडे बघायचे.

तिचे वडील उपदेशक होते. रामटेककडच्या खेड्यांतून सायकलवर फिरायचे आणि स्वतः रचलेले अभंग गायचे. पुढच्या दांड्यावर बसलेल्या पोरीला त्यांनी बोटांवर अक्षरं मोजायला शिकवलं. सहा, सहा, सहा, चार. तेच तिने पुढे ओंजळीतल्या सगळ्यांना शिकवलं. कागद हातात घ्यायची, जास्तीच्या अक्षरावर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची आणि म्हणायची, "इथं जीभ अडखळते, बघा बरं." आधी काय आवडलं ते सांगायचं, मग काय खटकलं ते, हा दंडकही तिनेच घातलेला. बारा वर्षांत कोणी रडलं नाही, कोणी भांडलं नाही. एक माणूस तेवढा नऊ वर्षांपूर्वी यायचा बंद झाला होता. खापरखेड्याचा गिरिधर. त्याला लांब पडत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

मग ऋषीच्या किडन्या गेल्या.

ऋषी तिचा एकुलता एक मुलगा. चौतिसाव्या वर्षी आजार निघाला, सदतिसाव्या वर्षी तो गेला. तीन वर्षं डायलिसिस. आधी आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. वेदिका, त्याची बायको, विमा कंपनीच्या ऑफिसातून अर्धी सुटी टाकून यायची आणि चारुलता सकाळपासूनच त्याच्याजवळ असायची. हातातली सुई काढली की त्या जागी किती वेळ दाबून धरायचं, हे तिने शेकडो नर्सना शिकवलेलं. आता मुलाचा हात स्वतः धरून बसायची.

ओंजळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज प्रार्थना यायच्या. देव करील. धीर धरा सिस्टर. आम्हाला खात्री आहे. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मशीन चालू असतानाच ऋषीचं हृदय थांबलं. त्याच ग्रुपवर त्याच लोकांनी लिहिलं, की देवाची योजना आपल्याला कळत नाही.

गोपिका भेटायला आली तेव्हा म्हणाली, "देवाला चांगली माणसं लवकर लागतात, सिस्टर."

"म्हणजे तुला-मला काही भीती नाही," चारुलता म्हणाली.

गोपिकाने कप खाली ठेवला आणि थोड्या वेळाने ती निघून गेली.

सहा महिने चारुलताने वही उघडली नाही. फेब्रुवारीत एका दुपारी, वेदिका ऑफिसात असताना, ती भाजी चिरता चिरता उठली आणि चार कडवी लिहून काढली. एकही अक्षर खोडावं लागलं नाही. दुसरं कडवं असं होतं:

सुईची ती जागा
हातावर निळी
कोणत्या रे वेळी
पुसू आता

आणि शेवटचं असं:

तुझा पुत्र देवा
तिसऱ्या दिवशी
आला तुझ्यापाशी
माझा नाही

लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं नाही. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा खोटं वाटलं नाही. तिने उरलेली भाजी चिरली.

दुसऱ्या शनिवारी तिने ते ओंजळीत वाचलं. वाचताना आवाज हलला नाही, नर्सचा आवाज. मग गार्डसाहेब म्हणाले, भाषा किती साधी आहे. एक मास्तरीण म्हणाली, निळी आणि वेळी, काय सुंदर जुळलंय. गोपिका म्हणाली, छंद तर सिस्टरचाच. शेवटच्या कडव्याला कोणी हात लावला नाही. ताटात केस दिसला की पाहुणे त्याच्या बाजूबाजूने जेवतात, तसं चाललं होतं.

शेवटी सरांनी घसा साफ केला. "बाई, शेवट थोडा उघडा ठेवता आला तर? आशेला जागा राहील."

"शेवट तोच आहे, सर. बाकीचं त्याच्यासाठीच लिहिलं."

"नाही, मी फक्त सुचवलं."

"कळलं मला," ती म्हणाली.

सरांनी कागद मागितला. दरवर्षी ओंजळीची पुस्तिका निघते, त्यासाठी. तिने दिला. तशी वही घरी होतीच, स्वयंपाकघरातल्या फळीवर, कोणीही उघडावी अशी.

ईस्टरच्या दिवशी पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमते. सूर्य वर येताना थडग्यांच्या मधोमध उपासना होते, मग बाहेर कागदी प्लेटांमध्ये पोहे आणि तर्री. ऋषीच्या जागेवर तेव्हा अजून दगड बसवलेला नव्हता, नुसती माती आणि चुना लावलेल्या विटांची चौकट. चारुलता तिच्यापाशीच उभी होती, वेदिका बाजूला. गायकवृंदातल्या पोरींनी नवी पुस्तिका उघडली आणि पाळक म्हणाले, "आपल्या चारुलता सिस्टरचं गीत."

कोणी तिला आधी विचारलं नव्हतं. तरी ते शब्द चालीवर उचलले गेले तेव्हा तिचा श्वास थोडा मोकळा झाला. लोक ऐकत होते. निळी जागा ऐकत होते. मग शेवटचं कडवं आलं. पोरींनी आवाज चढवला आणि गायल्या:

तुझा पुत्र देवा
तिसऱ्या दिवशी
आला तुझ्यापाशी
माझा येई

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पोरींनी ते कडवं तीनदा घेतलं. तिन्ही वेळा 'येई'. ओळीत चारच अक्षरं, मोजून घेतलेली. कुठे जीभ अडखळायला जागा नव्हती.

उपासना संपली तसे लोक तिच्याकडे आले. हात हातात घेत होते. एका म्हाताऱ्या बाईने तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "माह्या लेकीले जाऊन बारा वर्षं झाले. आज तुम्ही मले ते परत देली." चारुलता तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. सर पोह्यांच्या टेबलापाशी होते.

ती तिथे गेली. "सर, तो शब्द कोणाचा?"

सरांनी प्लेट खाली ठेवली. "बाई, एकच तर शब्द बदलला."

"कोणी?"

"मीच, असं समजा."

"समजा म्हणजे?"

"काही जणांची विनंती होती. तुमच्या भल्याची होती. आणि छंद मी कुठे मोडला नाही हो. अक्षरं मोजायला तुम्हीच शिकवलं मला."

"चोरी करायला नव्हतं शिकवलं."

आजूबाजूचे चार जण बघत होते. पाळकही बघत होते. सरांनी म्हटलेले 'काही जण' म्हणजे हेच सगळे, असं चारुलताने त्या क्षणी ठरवून टाकलं. ती पोहे न खाता निघाली. वेदिका ऑटोत बाजूला बसली होती. पूर्ण रस्ताभर ती बाहेर बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. सुनेलाही तेवढंच लागलंय, असं चारुलताला वाटलं.

दुपारी तिने ग्रुपवर लिहिलं: "आज गायलेल्या गीतातला शेवटचा शब्द माझा नाही. मी 'नाही' लिहिलं होतं. कृपया पुस्तिकेत दुरुस्त करून घ्यावं."

उत्तरं येत गेली. हात जोडलेली चित्रं. फुलं. सिस्टर, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत. दुःखात माणसाच्या तोंडून निघून जातं, देव समजून घेतो. गार्डसाहेबांनी तर आपली नवी कविताच टाकली, विषय होता क्षमा. संध्याकाळपर्यंत तिचा निरोप कोणीतरी काढून टाकला होता, आणि खाली एक ओळ आली होती, की आता फक्त अॅडमिनच निरोप पाठवू शकतात.

तिने ग्रुप सोडला. बारा वर्षं ज्यांच्या ओळींवर पेन्सिलीची टिंबं दिली, त्यांच्यापैकी एकानेही फोन केला नाही.

मे महिना कसाबसा गेला. घरात कूलरचा आवाज आणि दोन बायका. एक दिवस तिला गिरिधरची आठवण झाली. तोही सोडून गेला होता. त्याच्या बाबतीत काय झालं असेल? आपल्यासारखंच काही असेल, सरांनीच केलेलं. हा माणूस आपल्या बाजूने बोलेल, असं तिच्या मनाने घेतलं. तिने खापरखेड्याची बस धरली.

गिरिधर वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. निवृत्त झाल्यावर कॉलनी सोडली, जवळच दोन खोल्या बांधल्या. अंगणातल्या तुळशीसारख्या दिसणाऱ्या सब्जाच्या रोपांवरही राखेचा पातळ थर होता. त्याची बायको वंदना हिने पाणी आणलं. गिरिधर खाटेवर बसून होता, बनियनवर. त्याने सदरा घातला नाही.

चारुलताने सगळं सांगितलं. ऋषीचं, गीताचं, शब्दाचं. ऋषीचं ऐकताना गिरिधरने मान खाली घातली, तेवढंच.

"पोराचं वाईट झालं, सिस्टर," तो म्हणाला. "लई वाईट झालं. पण बाकीचं मले काहून सांगून राहिल्या?"

"तुम्हीही त्यांच्याचमुळे सोडलं ना? सरांमुळे?"

"सरांनं माहं काही नाही केलं."

"मग?"

तो उठला, आतून एक पुस्तिका घेऊन आला. ओंजळीची, नऊ वर्षांपूर्वीची. पान शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं. त्याच्या गीताच्या खालच्या दोन ओळींवर त्याने बोट ठेवलं.

"वाचा."

तिने वाचलं. "भाकर एकच, पंक्ती एक."

"मी काय लिवलं होतं, आठवते?"

तिला आठवेना. मग आठवलं.

त्या काळी नाताळच्या जेवणाला खापरखेड्याची मंडळी टेम्पो करून नागपूरच्या चर्चमध्ये यायची. नागपुरातले सभासद पहिल्या पंगतीला बसायचे, टेम्पोतले दुसऱ्या. कोणी तसं ठरवलेलं नव्हतं. म्हणायला कारण असायचं, की यांना यायला उशीर होतो. गिरिधरने त्यावर गीत लिहिलं होतं. शेवटच्या ओळी होत्या: भाकर एकच, पंक्ती दोन.

"तुम्ही माह्या कागदावर टिंब देलं," तो म्हणाला. "म्हणाल्या, छान आहे गिरिधरभाऊ, भाव फार छान आहे, पण शेवटी छंद बसत नाही. मी अडाणी माणूस, मले वाटलं खरंच नसन बसत. पुस्तक हाती आलं तवा पाहिलं. मंग घरी येऊन मोजलं. पंक्ती दोन, चार अक्षरं. पंक्ती एक, चार अक्षरं." त्याने चारही बोटं तिच्यासमोर धरली. "तुम्हीच शिकोलं होतं मोजाले."

वंदना दारात चहा घेऊन थांबली होती. ती आत येईना.

"मला वाटलं होतं," चारुलता म्हणाली, "लोक दुखावतील. तुम्हालाच बोलतील."

"मी दुखावलेलोच होतो ना, सिस्टर. त्यासाठीच लिवलं."

चारुलता म्हणाली, "माझं चुकलं, भाऊ. माफ करा."

"माफीचं राहू द्या. ते छापून झालं. इथली पोरं दर नाताळले म्हणतात ते. माह्या नातीनं मले पाठ म्हणून दाखोलं, खाली आजोबाचं नाव. मी काय सांगू तिले? म्हटलं, शाब्बास." त्याने पुस्तिका मिटली. "चहा घ्या. थंडा होऊन राहिला."

तिने चहा घेतला. तो बस थांब्यापर्यंत सोडायला आला नाही.

घरी आल्यावर तिने खापरखेड्याच्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या बाईंना पत्र लिहिलं. त्या गीतात मी नऊ वर्षांपूर्वी चुकीचा शब्द घातला, मूळ शब्द 'दोन' आहे, मुलांना तो शिकवावा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, सुवाच्य अक्षरात. आपली नम्रता पाहून भरून आलं. पण मुलांचं आता पाठ झालं आहे, पालकांनाही आवडतं, आणि 'दोन' म्हटल्याने लहान मनांवर काय परिणाम होईल? देव आपणांस आशीर्वाद देवो. चारुलताने ते पत्र दोनदा वाचलं. स्वतःच लिहिल्यासारखं वाटलं तिला. नऊ वर्षांपूर्वी तिने नेमकं असंच लिहिलं असतं.

ऑगस्टात ऋषीला जाऊन वर्ष झालं. वेदिका म्हणाली, "आई, दगड तयार झालाय. मी सांगितलं नव्हतं तुम्हाला. चला."

दफनभूमीत काळ्या दगडाला ओला फडका मारून ठेवलेला होता. नाव, दोन तारखा, आणि खाली चार ओळी. चारुलताने पहिल्या तीन वाचल्या. चौथी वाचायची गरज नव्हती, तरी वाचली. 'माझा येई.' अक्षरं सुबक होती, सोनेरी रंग भरलेली.

"वेदिका," ती म्हणाली, "हा शब्द माझा नाही. तुला माहीत आहे ना? ईस्टरला मी सरांशी त्याच्यावरूनच—"

"माहीत आहे."

"मग?"

वेदिका फडक्याची घडी करत होती. ती घडी तिने पुन्हा उलगडली. "तुमची वही मी फेब्रुवारीतच वाचली होती, आई. तुम्ही मंडळात वाचून दाखवलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. मीच म्हटलं, शेवट बदला. ते नाही म्हणत होते. म्हणाले, बाई मला कधी माफ करणार नाहीत. मी रडले त्यांच्यासमोर. मग त्यांनी केलं."

"आणि मी त्यांना चोर म्हटलं. तुझ्यासमोर."

"हो."

"तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले." वेदिकाने वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. "तुम्हाला वाटतं ऋषी फक्त तुमचा होता. सगळं गीत तसंच आहे. माझा, माझा. त्यात मी कुठे आहे? मला या दगडासमोर उभं राहायचंय, अजून चाळीस वर्षं कदाचित. 'नाही' वाचत नाही उभं राहता येणार मला. तुम्हाला येत असेल."

चारुलताला बोलायचं होतं, की ज्याच्या दुःखाने लिहिलं त्यालाच त्याचा शेवट ठरवू द्यावा. पण हे वाक्य म्हणायला लागणारं तोंड ती खापरखेड्याला ठेवून आली होती. ती खाली बसली आणि दगडाच्या कडेला लागलेला सिमेंटचा थेंब नखाने खरवडत राहिली.

मधुसूदन सरांना तिने फोन केला. त्यांनी उचलला नाही. दोनदा केला, मग केला नाही. ओंजळीत आता छंदाचं गोपिका बघते, असं कळलं. तिला चार अक्षरांच्या जागी पाच चालतात.

दोघी अजून एकाच घरात राहतात. एकमेकींचं करतात. वेदिकाला ताप आला तर सासू रात्रंदिवस उशाशी असते, सासूचे गुडघे दुखले तर सून तेल लावते. गीतावर पुन्हा बोलणं झालं नाही. वही फळीवर आहे, त्यात त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

रविवारी उपासना झाली की त्या दफनभूमीत जातात. वेदिका पुढे जाऊन दगड पुसते, फुलं ठेवते, ओठांतल्या ओठांत त्या चार ओळी म्हणते. चारुलता कडुनिंबाच्या अलीकडे थांबते. तिथून दगड दिसतो, त्याच्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत.